पातळ होत गेलेली चकती

३ फेब्रुवारी, मंगळवार

आरगॉन गॅसच्या सिलिंडरची कळ बंद आहे. तीनदा बघितली. कपाटाचं कुलूपही ओढून बघितलं. आता घरी येऊन हातपाय धुतले तरी मन तिथेच — कळ उजवीकडे फिरवली की डावीकडे? उजवीकडे. उजवीकडेच. लिहून ठेवलं म्हणजे पुन्हा विचारायला नको.

आज मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. गुणवत्ता विभागाच्या त्या प्रमुख, उगाच कोणाला बोलवत नाहीत. जिना चढेपर्यंत माझ्या चुकांची यादी तयार होती, चार चुका. निघालं भलतंच. म्हणाल्या, "काम सुधारलंय तुझं. आधी एका हीटला पंचवीस मिनिटं लावायचीस, आता आठ. फोरमनची तक्रार बंद झाली."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, दोन मिनिटं.

खरं तर मी काहीच सुधारलेलं नाही. भट्टीत दोन टन पोलाद वितळलं की ती एक हीट. त्यातून पळीभर काढून चकती ओततात, नाण्याहून मोठी, बोटभर जाड. मागे हीटचा नंबर ठोकतात. ती माझ्याकडे येते. मी घासून साफ करते, मशीनवर ठेवते, ठिणगी पडते, आकडे येतात. मी सही केली की धातू साच्यात. तोवर चौदा माणसं माझ्या दाराकडे बघत उभी! सुरुवातीला मी एकेका चकतीवर तीन ठिकाणी ठिणगी पाडायचे, आकडे जरा इकडेतिकडे झाले की दुसरी चकती मागायचे. त्यावरून माझं नाव पडलं — तीनदाताई. तोंडावर नुसतं ताई.

डिसेंबरपासून मात्र दिवसपाळीच्या बऱ्याचशा चकत्या पहिल्याच ठिणगीला बरोबर येतात. दिवसपाळीच्या भट्टीवर बाबाच मिस्त्री आहेत. मला वाटलं, मुलीची लाज राखायला जास्त जपून काम करत असतील.

आणखी एक काम लागलं मागे. तेरा तारखेला भट्टीच्या माणसांना अर्धा तास समजावून सांगायचं, मशीन धातूच्या पोटातलं कसं ओळखतं. "त्यांना वाटतं तू आत एसीत बसतेस," मॅडम म्हणाल्या. एसी मशीनसाठी आहे. तेही सांगावं लागेल.

४ फेब्रुवारी, बुधवार

आईवर तालीम केली. ती उसवलेली उशी शिवत होती. तिला अक्षर येत नाही, पण तिला कळलं तर सगळ्यांना कळेल.

म्हटलं, प्रत्येक वस्तू अणूंची. अणूच्या मधोमध एक जड गाभा, आणि भोवती इलेक्ट्रॉन. ते कुठेही राहत नाहीत, त्यांचे मजले ठरलेले आहेत. पहिल्या मजल्यावर दोघंच. दुसऱ्यावर आठ. लोखंडात एकूण सव्वीस — दोन, आठ, चौदा, दोन.

"चौदा कसे? तू तर आठ म्हणालीस."

"तिसरा मजला मोठा आहे. अठरा मावतात."

"मग चौदावर का थांबले? जागा असताना दोघं वर कशाला गेले?"

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला जो प्रश्न मला सुचायला हवा होता तो आईने सुई ओवता ओवता विचारला. म्हटलं, तिसऱ्या मजल्याच्या आतल्या खोल्यांपेक्षा चौथ्याची पहिली खोली आधी भरते, ती स्वस्त पडते. आई म्हणाली, "असतं असं. आत कोंदट असेल."

मग म्हटलं, ठिणगीचा धक्का बसला की इलेक्ट्रॉन वरच्या मजल्यावर फेकला जातो. तिथे टिकत नाही, परत खाली पडतो. पडताना उजेड सोडतो. प्रत्येक धातूचे मजले वेगळ्या उंचीचे, म्हणून प्रत्येकाचा उजेड वेगळ्या रंगाचा. मशीन ते रंग वेगळे करून मोजतं.

"आणि मधल्या पायरीवर थांबला तर?"

"मधे पायरीच नाही. या मजल्यावर नाहीतर त्या."

"हे तू डोळ्यांनी बघितलंस?"

"कोणीच नाही बघितलं. उजेड बघितला."

आईने दात लावून दोरा तोडला. "म्हणजे खिडकीतल्या दिव्यावरून घरात किती माणसं ते सांगायचं."

हेच तेराला सांगणार. माझ्या तीन पानांपेक्षा बरं आहे.

पण एक गोष्ट सलतेय. मजले म्हणणं खरं नाही. इलेक्ट्रॉन कुठे असेल ते नेमकं सांगताच येत नाही, कुठे सापडण्याची शक्यता जास्त एवढंच. समजायला सोपं म्हणून मी चौदा माणसांना खोटं सांगणार का? 'मजले समजा' असं म्हणेन. 'समजा' हा शब्द विसरायचा नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काहीतरी विचित्र.

भाषणासाठी एक तक्ता करायला बसले. पोलादात आपण मोजून घालतो ते कार्बन, मँगनीज वगैरे. पण भंगारातून न बोलावता येणारेही असतात, तांबं, कथिल. कधी तारा जास्त येतात, कधी डबे. म्हणून प्रत्येक हीटमध्ये यांचा आकडा वेगळा. मला दाखवायचं होतं की लोकहो, तुमची प्रत्येक हीट चेहऱ्याने वेगळी आहे.

डिसेंबरपासूनचे रिपोर्ट काढले. रात्रपाळीचे आकडे हवे तसे, वर, खाली. दिवसपाळीत मात्र अकरा हीट अशा की तांबं ०.१८८, कथिल ०.०१४. फरक शेवटच्या अंकात. अकरा वेळा!

मशीन बिघडलंय. दुसरं काय असणार? माझ्याच लक्षात आलं नाही, दोन महिने.

७ फेब्रुवारी, शनिवार

मशीन बिघडलेलं नाही.

मशीनच्या कंपनीकडून आलेला प्रमाण तुकडा लावला. त्याचे आकडे छापील कागदाशी तंतोतंत. नऊ वेळा लावला. गॅसची शुद्धता बघितली. काच पुसली. पुन्हा लावला. फोरमन दारातून डोकावले, "ताई, तीनदाचं नऊदा झालं काय?"

मग त्या अकरा हीट एकसारख्या कशा?

एक उत्तर आहे. ते मी लिहिणार नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. बाबांनी मोरीचा नळ दुरुस्त केला. मला पाना धरायला लावला. मी काही विचारलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सर म्हणायचे, तारीख नसलेली नोंद म्हणजे गप्पा. आणि पान फाडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

म्हणून लिहिते. पान फाडणार नाही.

सकाळी साडेदहाला हीट ११८ ची चकती आली. हातात घेताच कळलं. बोटभर जाड असायला हवी ती, अर्धीही नव्हती. मी दर वेळी घासते तेव्हा केसभर झिजते. मागचा नंबर घासून काढून नवा ठोकायचा तर तिथेही झिजते. उजेडाकडे तिरकी धरली. ११८ च्या खाली जुन्या आकड्यांची सावली होती. आणि काठाजवळ एक बारीक छिद्र, तीळ असावा तसं. ते छिद्र मी आधी पाहिलंय. चकती साफ करताना नख त्यात अडकायचं.

एकच चकती. नाव बदलून बारा वेळा माझ्याकडे आलेली. मी तिला बारा वेळा ओळख विचारली, तिने बारा वेळा खरं सांगितलं. ते मला ऐकू आलं नाही!

फोरमन दारात उभे होते. "ताई, भट्टी तापलीय, वीज जळतेय. झालं का?" त्यांच्या मागे, लांब, भट्टीच्या कट्ट्यावर बाबा. निळा चष्मा कपाळावर. माझ्याकडे बघत नव्हते. दुसरीकडे कुठेही बघत होते.

ठिणगी पाडली. तांबं ०.१८८. कथिल ०.०१४. कार्बन ०.२४, अगदी हवा तसा.

मला म्हणायचं होतं, दुसरी चकती द्या. तोंड उघडलंही. मी दुसरी मागितली असती तर फोरमन म्हणाले असते, का? आणि का याचं उत्तर कट्ट्यावर उभं होतं.

सही केली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

११८ चा माल साच्यातून निघाला. क्रेनच्या सहा कप्प्या, एकेक परातीएवढी. सोमवारी ट्रकने जायच्या आहेत. मी जेवायच्या सुट्टीत त्यांच्या बाजूने गेले नाही, लांबून गेले.

११ फेब्रुवारी, बुधवार

विचारलं.

आई शेजारी गेली होती. बाबा बुटाची नाडी सोडत होते. मी म्हटलं, "बाबा, ती चकती कुठल्या हीटची आहे?"

त्यांनी कुठली असं विचारलं नाही. दुसरा बूट काढला. मग म्हणाले, "एकतीसची."

एकतीस! नोव्हेंबरची. मला आठवते ती. त्या दिवशी मी घरी येऊन सांगितलं होतं, बाबा, आज पुस्तकातल्यासारखी हीट होती, एकही आकडा हलला नाही. मीच सांगितलं होतं.

"का केलंत?"

"फोरमन म्हणाला होता मला. मिस्त्री, तुमची पोरगी हुशार आहे, पण हीट अडवते. डिसेंबरात तिची कायमची व्हायची की नाही ते ठरणार, मी काय लिहू? मग मी म्हटलं, तिला आवडलेली चकती देऊ. ती पण खूश, फोरमन पण खूश."

"आणि हीट? ती बरोबर आहे की नाही हे कोण बघणार?"

"मी बघतो ना." हे ते आवाज चढवून नाही बोलले. मला वाटतं माझ्या प्रश्नाने त्यांना खरंच नवल वाटलं. "बत्तीस वर्षं बघतोय. धातूचा रंग बघून सांगतो मी. तुझं मशीन नव्हतं तेव्हा माल जात नव्हता होय?"

म्हटलं, "बाबा, कार्बन डोळ्याला दिसत नाही."

"मला दिसतो."

"नाही दिसत. भट्टीचा रंग गरमपणाचा असतो. तो सगळ्यांचा सारखाच. कार्बनचा स्वतःचा उजेड जांभळ्याच्याही पलीकडचा. कोणाच्याच डोळ्याला तो दिसत नाही. तो हवेतसुद्धा टिकत नाही, हवाच गिळते त्याला. म्हणून तर आरगॉन लागतो."

मी बरोबर बोलत होते. एकेक शब्द बरोबर. आणि बोलत गेले तसे बाबा बसल्या जागी लहान होत गेले. मी सातवीत असताना मुख्याध्यापकांसमोर ते असेच बसले होते. माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "शिकवलं मीच तुला." आणि बूट उचलून बाहेर ठेवायला गेले.

ते रागाने म्हणाले की कौतुकाने, मला अजून कळलेलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज हीट १२१ ची चकती आली. बोटभर जाड. मी तीनदा ठिणगी पाडली. बावीस मिनिटं लागली. फोरमननी हात जोडले, "आली, तीनदाताई परत आली!"

घरी बाबा बोलत नाहीत. आईने दोघांसमोर ताटं आपटली. "बापलेकींत काय शिजतंय ते मला सांगू नका. मी काय, अडाणी."

मॅडमना सांगायचं तर बाबांची नोकरी जाते. अडीच वर्षं उरलीत त्यांची. सांगायचं नाही तर सहा कप्प्या सोमवारी जातात. कप्पीवरून दोर जातो, दोराला ओझं, ओझ्याखाली माणसं. कार्बन जास्त असेल तर पोलाद कडक होतं, वाकत नाही, तडकतं. जास्त असेल तर. बरोबरही असेल. अकरा हीट गेल्याच की, कुठून काही ओरड नाही. बाबांचा डोळा खरा असेल.

पण मला माहीत नाही. आणि सही माझी आहे.

इलेक्ट्रॉनचं बरं. मधे पायरीच नाही त्यांना.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

भाषण झालं. नीट झालं म्हणतात सगळे. मला फक्त शेवट आठवतोय.

जेवणाच्या खोलीत बाकं लावली होती. बाबा पहिल्या बाकावर, टोकाला. मी 'मजले समजा' म्हटलं. विसरले नाही. क्रोमियमची गंमत सांगितली. त्याचा वरच्या मजल्यावरच्या दोघांतला एक आपणहून खाली उतरतो, कारण खालच्या पाच खोल्यांत एकेक जण बसला की सगळ्यांना बरं पडतं. साचेवाला म्हणाला, "आमच्या घरी कोणी उतरत नाही." हशा झाला. आईची खिडकी सांगितली. तीही आवडली. तांबं-कथिलाचा तक्ता केलाच नव्हता, पण ते वाक्य होतं मनात: तुमची प्रत्येक हीट चेहऱ्याने वेगळी आहे. तिथे आले आणि वाक्य गिळलं. पुढचं पान उलटलं.

मॅडमनी विचारलं, कोणाला प्रश्न? कोणी नाही. मग बाबांनी हात वर केला. शाळेतल्यासारखा, सरळ. शाळेत ते दीडच वर्ष गेले.

"समजा," बाबा म्हणाले, "एका हीटची चकती दुसऱ्या हीटच्या नावावर दिली. तर मशीनला कळेल?"

मागून कोणीतरी म्हणालं, "मिस्त्री, युक्ती शोधताय काय!" पुन्हा हशा. फोरमन तर पोट धरून.

मी म्हटलं, "मशीनला नाही कळणार. समोर जे ठेवलंय त्याचाच उजेड ते मोजतं. नाव ते वाचत नाही. कळलं तर आकडे बघणाऱ्याला कळेल."

"कसं?"

मग मला ते गिळलेलं वाक्य सांगावं लागलं. तांबं, कथिल, भंगार, चेहरा. सगळं. बाबांकडे बघून. ते मान हलवत ऐकत होते, मला वाटतं पहिल्यांदाच नीट.

"आणि बघणारा घरचाच असला तर?"

"मिस्त्री, बाकीचं घरी विचारा," फोरमन म्हणाले. सगळे उठले. मॅडम हसत होत्या.

पाण्याचा ग्लास हातात होता, तो ठेवायला जागा सापडेना.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पाळी सुटल्यावर बाबा प्रयोगशाळेच्या दारात आले. आत कधी येत नाहीत, बुटाला वाळू असते म्हणून. बूट बाहेर काढले. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. टेबलावर ठेवला तेव्हा आत खणखणलं.

बारा चकत्या. बोटभर जाड. प्रत्येकीवर नंबर ठोकलेला, सरळ, ठसठशीत. बाबांना अक्षरं येत नाहीत पण आकडे येतात.

"प्रत्येक हीटची खरी चकती काढून ठेवली होती," म्हणाले. "तुझ्याकडे पाठवली नाही, एवढंच."

"का ठेवलीत?"

"टाकवली नाही. खरी होती ना."

मी दार लावून घेतलं. हीटच्या क्रमाने घेतल्या. प्रत्येक घासली, प्रत्येकीवर तीन ठिणग्या. बाबा स्टुलावर बसून पडद्याकडे बघत. कार्बनचा रकाना कुठला ते मी एकदा बोटाने दाखवलं, मग तेच आकडा वाचू लागले, एकेक अंक सुटा. शून्य, टिंब, दोन, तीन. शून्य, टिंब, दोन, पाच. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचे. पाचव्या चकतीनंतर मला हसू आलं. सातवीनंतर त्यांना. अकरा चकत्या, अकराही बरोबर! बत्तीस वर्षांचा डोळा. मी म्हटलं, "बाबा, चुकले मी." ते म्हणाले, "लाव ती शेवटची."

११८.

शून्य, टिंब, चार, सहा.

ते थांबले. परत वाचलं. मी दुसरी जागा घेतली. चार, सहा. तिसरी. चार, सात. पंचवीसच्या जागी सेहेचाळीस. जवळजवळ दुप्पट.

बाबांनी चकतीवरच्या ठिणगीच्या काळ्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "त्या दिवशी भंगारात बिडाचे तुकडे होते. जुने ब्रेकचे ड्रम, वरून रंग दिलेला. मी बघितले. म्हटलं, थोडेच आहेत." बिडात कार्बन खच्चून भरलेला असतो हे त्यांना माझ्याहून आधी माहीत आहे. "रंग चांगला होता गं धातूचा. रंग अगदी चांगला होता."

मशीन बंद केलं. कळ बंद केली. एकदाच बघितली.

१५ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी पांढरा शर्ट इस्त्रीला काढला. आईने विचारलं, "उद्या कुणाचं लग्न?" मग तिनेच इस्त्री केली, कॉलर दोनदा.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मी ठरवलं होतं आठ वाजता मॅडमकडे जायचं. बाबा पावणेआठला त्यांच्या दाराबाहेर उभे होते. डबा काखेत.

ट्रक निघायच्या आत कप्प्या उतरवल्या. सहाही. मॅडमनी स्वतः त्यांवर लाल रंगाने फुल्या मारल्या. आधीच्या अकरा हीटचे कागद पुन्हा लिहायचे, खऱ्या आकड्यांनी. ते मी करते आहे. बाबांना घरी पाठवलं. चौकशी होईपर्यंत यायचं नाही. फोरमन माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी असं करा म्हटलं नव्हतं." खरंय. ते फक्त एवढंच म्हणाले होते, मी काय लिहू.

दुपारी मॅडमनी बोलावलं. दमलेल्या होत्या. "मिस्त्रींनी सगळं सांगितलं. तुला शनिवारी कळलं, भाषणातल्या प्रश्नावरून संशय आला, तूच बारा चकत्या तपासल्यास. तसंच लिहून दे. तुझी चूक फार तर लक्ष न देण्याची. ते मी सांभाळून घेईन."

शनिवारी कळलं. बाबांनी अशी तारीख दिलीय.

माझ्याकडे कोरा कागद होता. तारीख लिहिली, सोळा. पुढे लिहीना हात. म्हटलं, उद्या देते.

घरी बाबा ओट्याशी उभे राहून आईला कांदा चिरून देत होते. असं मी कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, "तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"कुठे? शनिवारीच कळलं ना तुला, ११८ खराब आहे ते."

"चकती एकच आहे हे सोमवारी कळलं. नऊ तारखेला. मी ओळखली, आणि तरी सही केली. तुम्ही कट्ट्यावर उभे होतात."

सुरी थांबली. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळं तिला त्या क्षणी कळलं असावं.

"मी बघितलं," बाबा म्हणाले. "म्हणून तर शनिवार सांगितला. अकरा हीट माझ्या, पोरी. बारावी पण माझीच राहू दे. माझी अडीच वर्षं राहिलीत, तुझी तीस आहेत."

आई म्हणाली, "कुणाला कळणार आहे? कुठे लिहिलंय?"

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमना कागद दिला नाही. त्यावर मी कोणतीही तारीख टाकली असती तरी ती आज टाकलेलीच ठरली असती. ही वही देते. नऊ तारखेचं पान दुमडून ठेवलंय.